वळ

दादाच्या उजव्या खांद्यावर दोरीचा एक वळ होता. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, कारध्याच्या रेतीवर तो उघड्या अंगानं उभा राहिला, की आधी तो वळ उजळायचा आणि मग दादा दिसायचा. वैनगंगेवर तेव्हा धुकं असायचं, पलीकडचं भंडारा त्यात बुडून गेलेलं असायचं, आणि ओल्या सुताचा, शेवाळाचा, गार रेतीचा मिसळलेला गंध साऱ्या काठावर रेंगाळत असायचा. माझ्या थोरल्या भावाची आठवण मला त्याच्या चेहऱ्यावरून कधी येत नाही. ती त्या खांद्यावरून येते, त्या तांबूस, गुळगुळीत रेघेवरून येते.

ढिवराचं घर आमचं. पावसाळा सरून नदी उतरली, पाणी निवळलं, की दादा आणि आमचा धाकटा भाऊ शालिक झुंजूमुंजू होताच बारीक मासोळ्या धरायला निघत. या मासोळ्या खायच्या नव्हेत. सांजेला लांब दोरीवर ओळीनं गऱ्या बांधून ती नदीत सोडायची, आणि मरळीसारखी मोठी मासोळी लागावी म्हणून प्रत्येक गरीला ही बारीक मासोळी चारा म्हणून लावायची. तीही जितीच हवी. मेलेल्या चाऱ्याकडे मरळ ढुंकून बघत नाही. त्यासाठीचं जाळं लांबोळकं, बारीक डोळ्यांचं, दोन्ही टोकांना एकेक काठी आणि काठीला दोरी असलेलं. एक दोरी काठावरच्या माणसाच्या खांद्यावर, दुसरी पाण्यातल्या माणसाच्या कमरेला. काठावर दादा, पाण्यात शालिक, ही वाटणी आमच्या बानंच करून दिलेली होती.

छातीभर पाण्यातून शालिक अर्धवर्तुळ घेत चालायचा. पाण्यातल्या माणसाची पाठ काठाकडे असते, आपण किती आत आलो हे त्याला उमगत नाही. ते काठावरच्याला दिसतं. घेरा पुरता झाला की दादा हाक द्यायचा, "वळ गा, शालिक." बस, एवढीच. पण त्या हाकेत काय नव्हतं? दटावणी होती, माया होती, थंडीनं कापणाऱ्या भावाला लवकर बाहेर काढण्याची घाई होती. धुक्यातून ती हाक पाण्यावर सरपटत जायची आणि शालिक न बघता वळायचा. मग जाळं मिटत मिटत काठाला यायचं आणि कढईत टाकलेल्या मोहरीसारख्या मासोळ्या रेतीवर तडतडायच्या. मी मोहाडीला शाळेत मास्तरीण झाले, तिथलीच झाले, तरी दिवाळीच्या सुट्टीत एसटीतून उतरल्यावर आधी घरी न जाता नदीवर जायची, ती हाक ऐकायला.

मग ती हाक बंद पडली. आणीबाणी नुकतीच उठली होती, दादाच्या थोरल्या पोरीचं लग्न होतं. शालिक दिवसभर राबला. मांडव त्यानंच घातला, आंब्याचे डहाळे त्यानंच बांधले. पंगत बसली तेव्हा दादानं साऱ्या गावाला हात धरधरून बसवलं, आणि घरच्या माणसाला काय बलवायचं या भरवशावर सख्ख्या भावाला मात्र 'बस' म्हटलं नाही. शालिक मांडवाच्या दाराशी किती वेळ उभा होता, कोण जाणे. "मले कोनं बलावलं?" एवढं बोलून तो उपाशीच घरी निघून गेला. दादाच्या कानावर गेलं तेव्हा तो चिडला. "घरच्याले का अक्षता द्या लागते?" दादाचं म्हणणं खरं होतं, शालिकचं दुःखही खरं होतं, आणि दोघंही खरे असल्यामुळे मागे हटायला कोणी तयार नव्हतं.

अबोला धरणं सोपं आहे, पण जाळं एकट्यानं ओढता येत नाही. लग्नाची पाहुणेमंडळी पांगली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघंही आपापली काठी धरून रेतीवर हजर. बोलणं नाही, बघणं नाही. शालिक पाण्यात उतरला, घेरा पुरता झाला, आणि दादाचं तोंड उघडलं ते तसंच मिटलं. त्यानं हाकेऐवजी दोरीला एक हिसका दिला. शालिक वळला. तेव्हापासून तीच त्यांची भाषा झाली: एक हिसका म्हणजे वळ, दोन म्हणजे थांब, दोरी सैल सोडली म्हणजे जा आता घरी. लोक कौतुक करायचे, पाहा कसे न बोलता काम करतात दोघं भाऊ. माझ्या अंगाची लाही व्हायची. पूर्वी ज्या खांद्यावर दोरी नुसती टेकायची, त्या खांद्यावर आता प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता, आणि वळ वर्षागणिक खोल होत चालला होता.

भाऊबीजेला मी दोघांना एका पाटावर बसवू शकले नाही. आधी दादाला ओवाळायची, मग तेच ताट घेऊन शालिकच्या घरी जायची. वाऱ्यानं निरांजन विझायचं, पुन्हा लावायची. शालिक हसरा माणूस, पण त्या घरात हसू नावालाच उरलं होतं. "बाई, थो मोठा आहे. त्यानं एक डाव नुसतं 'शालिक' म्हणू दे, मी धावत जातो," असं तो म्हणायचा, आणि हे सांगताना जोडवं चाचपणाऱ्या नव्या नवरीसारखा खाली बघायचा. मी परत दादाकडे. "दादा, एक डाव हाक मार त्याले. येते थो." दादा जाळ्याची सुटलेली गाठ बांधत बसलेला असायचा. मान वर न करता म्हणायचा, "मारीन ना. थो का पळून जाऊन राहिला?"

असं तो दर भाऊबीजेला म्हणाला. मला त्याचा राग येतो. अजूनही येतो. हाक हरवत नाही, ती कधीही मारता येते, असं समजणारी माणसं मला पाहवत नाहीत.

पुढे एका पावसाळ्यात नदीनं आपला तळ बदलला. गेल्या साली जिथं कमरेइतकं पाणी होतं तिथं डोह पडला, आणि वरून मात्र सारं शांत, निळसर, सुंदर दिसत होतं. भाऊबीज होऊन मी मोहाडीला परतले होते. त्या दिवशी शालिक नेहमीसारखा उतरला, पाण्यावर चकाकणाऱ्या उन्हानं त्याचे डोळे दिपत होते. काठावरून दादाला दिसलं की पुढचं पाणी काळं आहे. त्यानं दोरीला हिसका दिला. पण जाळं मधेच, रेतीत रुतलेल्या एका बुंध्याला अडकलं होतं. हिसका त्या बुंध्यापाशीच संपला, शालिकपर्यंत पोचलाच नाही. दादानं पुन्हा ओढलं. पुन्हा ओढलं. शालिक काठाकडे पाठ करून चालत राहिला, भावावर पुरता भरवसा ठेवून, हिसका आला नाही म्हणजे वळायची वेळ झाली नाही असं समजून. पायाखालची रेती खचली. पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, पण दोरी कमरेला होती आणि जाळं त्याला वर येऊ देईना. दादा पाण्यात धावला, तोवर उशीर झाला होता.

मी आले तेव्हा दादा रेतीवरच बसलेला होता. खांद्यावरची कातडी सोलून निघाली होती. "मी ओढलं, सुमन," तो म्हणाला. "मी ओढलं बरं. तोंडात आली होती हाक. पन हातच आधी गेला." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग मारली मी. शालिक मनून मारली. लय मोठ्यानं मारली." ती हाक पुलावरून जाणाऱ्यांनी ऐकली, पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी ऐकली. ज्यानं ऐकायची त्यानंच तेवढी ऐकली नाही.

त्यानंतर दादा जाळ्याला शिवला नाही. पण उजाडताना काठावर जाऊन उभं राहणं त्यानं सोडलं नाही. कोणी आंघोळीला दोन पावलं आत गेलं, की मागून दादाचा आवाज, "वळ गा." म्हशी पाण्यात शिरल्या तरी "वळ गा." दुसऱ्या घरची जोडी जाळं घेऊन उतरली, की घेरा पुरता व्हायच्या आधीच तो हाका मारू लागायचा, आणि ते बिचारे त्याचं मन राखायला रिकाम्या जाळ्यानिशी लवकर वळायचे. शालिकची बायको कधीमधी घागर भरायला यायची. तिला पाहिलं की मात्र त्याचं तोंड मिटायचं. ती घागर भरून वाटेला लागायची. सारी वर्षं साठवलेला आवाज तो असा खर्चत राहिला, आणि एके हिवाळ्यात तोही संपला. त्याला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी खांद्यावर पाणी सोडलं. अंग थंड पडलं होतं, चेहरा ओळखू येईना, वळ तसाच होता.

मी आजही पहिलीला शिकवते. लेकरांना आधी बिनकान्याचे शब्द यावे लागतात, म्हणून फळ्यावर लिहिते: नळ, फळ, बळ. त्यांच्या रांगेतला तो एक शब्द मी लिहिणं टाळत आले. खांद्यावरचा वळ आणि तोंडातला वळ, लिहायला दोन्ही सारखेच. दोन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. परवा एका पोरीनं तो आपणहून जोडला आणि सारा वर्ग तिच्यामागे एका सुरात म्हणू लागला, वळ, वळ, वळ. मी त्यांना थांबवलं नाही. खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांवर कार्तिकाचं तेच कोवळं ऊन पसरलं होतं. इतक्या वर्षांनी, इतक्या तोंडांनी ती हाक निघाली होती, आणि पाठमोरा शालिक त्या उन्हात अजून तसाच पुढे पुढे चालला होता.