दोन इंच जास्त

वर्नाने खोक्यातला बंदुकीचा काळा दस्ता मर्लच्या टेबलावर ठेवला आणि मागचं टोक धरून ओढलं. खट्, खट्, खट् करत तो तीन बोटं लांब झाला. ढकलला, तर पुन्हा आखूड.

"बघ, अकॉर्डियनच. माझ्या हाताला बसेल तिथे थांबवायचा. आजच बसवून दे. शनिवारी नेमबाजी आहे."

बंदुका दुरुस्त करण्यात मर्ल कोझाकची तीस वर्षं गेली होती. त्याने दस्त्याला बोटसुद्धा लावलं नाही. चष्मा कपाळावर सारून तो वर्नाच्या मागे उभ्या असलेल्या टॉडकडे बघायला लागला.

"हा कुठून आणलास?"

"आमच्याकडच्या दुकानातून. मावशीच्या वाढदिवसाला." टॉड हा वर्नाच्या बहिणीचा मुलगा. चाळिशी उलटली तरी मावशीसमोर टोपी हातात घेऊन उभा राहणारा. त्याचं घर ओढ्यापलीकडे, पेनसिल्व्हेनियात. ओढ्याच्या अलीकडे न्यूयॉर्क राज्य. मधे एक लाकडी पूल, एवढंच.

"तिकडे चालत असेल," मर्ल म्हणाला. "मिसेस स्ट्राइकर, तुमची बंदूक आपोआप भरणारी. तिला सरकणारा दस्ता लावला की आपल्या राज्यात ती बंदीतली बंदूक ठरते. हाताने ओढून भरायची असती तर गोष्ट वेगळी होती."

"मग खिळा मार. सरकणार नाही."

"आणि हे अंगठा घालायचं भोक? तेही बंदीत आहे. ते कशाने बुजवू, च्युइंगमने?"

"ओढा ओलांडला की कायदा बदलतो! बंदुकीला काय कळतंय ओढा कुठला?"

"बंदुकीला नाही कळत. शेरीफला कळतं. तुमची बंदूक जाईल आणि माझ्या दुकानाला कुलूप लागेल."

टॉडचे कान लाल झाले. "मला माहीत नव्हतं गं मावशी."

"तुला काय माहीत असतं? लग्नात बूटसुद्धा उलटसुलट घातले होतेस." पण बोलता बोलता तिने त्याच्या दंडावर एक थापटी दिली. "खोक्यात भर आणि तुझ्या बाजूला घेऊन जा. दिलास, पोचला."

ती खुर्चीवर बसली आणि उजवा खांदा चोळायला लागली. जानेवारीत तिथे नवा सांधा बसवला होता. हाताला बसणारा दस्ता आणि मागे जाड रबराची गादी, एवढं असेल तर बार काढा, नाहीतर बंदूक भिंतीला टांगा, असं डॉक्टरने बजावलं होतं. एक्केचाळीस नोव्हेंबर ती फायर हाउसच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन केंद्राच्या, मागच्या मैदानात नेमबाजीला पुरुषांच्या रांगेत उभी राहिली होती. या नोव्हेंबरात ते जमलं नाही, तर आतल्या टेबलाशी बायकांबरोबर बसून कॉफी ओतायची. डोरिन हॉपरशेजारी. त्यापेक्षा मेलेलं बरं.

"हात पुढे करा," मर्ल म्हणाला.

त्याने टेप काढली. कोपराच्या आतल्या बाजूपासून चापावरच्या बोटापर्यंत मापलं, मग बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा पाहून तिचा दस्ता मापला, आणि हसला.

"दोन इंच जास्त. चाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या कोटात फिरलात."

"दुसऱ्याच्या नाही. नवऱ्याच्या."

बंदूक ऑर्विलची होती; तो गेल्यावर तिच्याकडे राहिली. तो सव्वासहा फुटी, ती त्याच्या बरगडीपर्यंत. घरात बंदूक एकच. आधी तो मारायचा, मग नळी निवली की ती. पहिली काही वर्षं तिचे छर्रे कागदावरच्या फुलीच्या वीतभर डावीकडे जायचे आणि ऑर्विल सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायचा, "बंदूक सरळ आहे हो, आमच्या बाईचीच नजर वाकडी!" मग सातव्या वर्षी छर्रे चार बोटांवर आले. चार बोटं उजवीकडे धरून मारायचं हे तिने डोक्यात पक्कं केलं आणि बक्षिसाचा हॅम जिंकला. खारवलेली अख्खी मांडी, दहा पौंडांची. भर पंगतीत तिने नवऱ्याला विचारलं होतं, "झाली का नजर सरळ?"

ऑर्विलच्या तोंडात तिच्याच हॅमचा घास होता. "बघितलं," एवढंच तो म्हणाला.

पुढे आणखी आठ हॅम आले. ऑर्विलला मात्र त्यानंतर एकही मिळाला नाही. त्याआधी तो दरवर्षी जिंकायचा. म्हातारा झाला, असं वर्ना सगळ्यांना सांगायची. तोही मान डोलवायचा.

मर्लने दोन दस्ते पुढे ठेवले. एक काळ्या प्लॅस्टिकचा, गालाखाली उंचवटा असलेला. दुसरा अक्रोडाच्या लाकडाचा, आखूड. मागे रबराची गादी, आणि लांबी वाढवायची तर गादीच्या आत घालायच्या पातळ चकत्या.

"यातलं सरकणारं काही नाही ना?"

"स्क्रूने आवळलेलं. कायद्याला धरून. दोन्ही चालतील."

तिने काळा खांद्याला लावला. हलका होता. "हा बादलीचा कान वाटतोय," ती म्हणाली आणि खाली ठेवला. लाकडाचा उचलला, गाल टेकवला. मान ताणावी लागली नाही.

"हाच."

मर्लने जुना दस्ता सोडवायला घेतला. लांब पेचकस आत घालून बोल्ट फिरवला, दस्ता ओढून काढला आणि थांबला. लाकूड आणि लोखंड यांच्या मधून त्याने चामड्याचा एक तुकडा बाहेर काढला. मधे भोक पाडलेला, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला तासून पातळ केलेला.

"हे कारखान्यातलं नाही."

वर्नाने तो हातात घेतला. तपकिरी चामडं, कडेला शिवणीची भोकं. मागच्या बाजूला पेन्सिलीने एकच अक्षर काढलेलं, तिच्या नावाचं पहिलं.

"याचा उपयोग काय?"

"दस्ता किंचित बाहेर वळतो. डावीकडे जाणारे छर्रे मधे येतात. पुरते नाही, कारण मूळ दुखणं लांबीचं. पण बरेच येतात."

"किती जुनं असेल?"

"तीस-पस्तीस वर्षं सहज."

वर्नाने तुकडा उलटा केला. तिने पहिला हॅम जिंकला त्या शरदात ऑर्विलच्या नव्या बुटाची लेसखालची चामड्याची जीभ नाहीशी झाली होती. कुत्र्याने खाल्ली, असं तो म्हणाला होता. वर्नाने कुत्र्याला तीन दिवस ओसरीबाहेर बांधलं होतं, आणि ऑर्विल रोज संध्याकाळी आपल्या ताटातलं मांस गुपचूप त्याला नेऊन घालायचा. तेव्हा तिला वाटलं होतं, याला कुत्र्याचा फार लळा.

"मर्ल."

"हं?"

"मूळ दस्ता ज्याच्या मापाचा, त्याने हे घातलेल्या बंदुकीने मारलं तर?"

फायर हाउसच्या नेमबाजीत भिंग घेऊन सगळ्यांचे कागद तोच तपासायचा, आणि त्याच्या आधी त्याचा बाप तपासायचा.

"त्याचे उजवीकडे जातील," तो म्हणाला.

वर्नाने तुकडा कोटाच्या खिशात टाकला, बटण लावलं.

"गादीचे स्क्रू नीट आवळ," ती म्हणाली. "आणि कॉफी आहे का इथे, का तीही बंदीत?"

शनिवारी थंडी कडक होती पण ऊन स्वच्छ. डोरिनने आतून हाक मारली, "वर्ना, खुर्ची धरून ठेवलीय गं तुझ्यासाठी!"

"तुझी पर्स ठेव तिच्यावर," वर्नाने रांगेतूनच ओरडून सांगितलं.

तिचा नंबर आला. तिने नवा दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि चार बोटं उजवीकडे धरून चाप ओढला. धक्का आला तो गादीतच विरला. खांद्याला नुसता कुणी हात ठेवल्यासारखं झालं.

मर्ल कागद घेऊन आला. फुली कोरी होती. सगळे छर्रे एका बाजूला दाटले होते.

"चार बोटं उजवीकडे," तो हळूच म्हणाला. "सवयीने धरलंत. आता जिथे बघाल तिथेच जाईल. दुसरी फेरी आहे अजून."

रांगेतला एक म्हातारा वाकून कागद बघत हसला. "अरे, हा तर ऑर्विलचा कागद! शेवटी शेवटी त्याचे सगळे असेच यायचे की नाही?"

वर्नाने कागद हातात घेतला. उन्हात धरला. भोकांतून उजेड तिच्या कोटावर, खिशाच्या बटणाजवळ पडला.

"बघितलं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या काडतुसासाठी हात पुढे केला.