एका फितीवर दोन वाढदिवस

सोफ्यामागच्या टेबलावर ठेवलेल्या प्रोजेक्टरचं बटण व्हर्ननने दाबलं आणि भिंतीवरच्या चादरीवर लोवेलची आई केक कापू लागली. तेवढ्यात तिच्या खांद्यातून आरपार, उंच टाचांवर तोल सावरत, एक बाई नाचत पुढे आली.

लोवेलच्या हातातला काटा बशीवर वाजला. या कॅमेऱ्यात फीत एकदा चालवायची, उलटून पुन्हा चालवायची, मग धुवायला पाठवायची. मित्राच्या वाढदिवसाची फीत दोन्हीकडून भरली होती. तीच कोरी समजून त्याने आईच्या वाढदिवसाला पुन्हा चालवली होती, म्हणून चित्रावर चित्र उमटलं; आणि असल्या फिती गुपचूप धुणाऱ्या शिकागोच्या विश्वासातल्या माणसाकडे गेली ती कोरी.

"अरे बापरे, भुतं!" व्हर्नन सोफ्यावर येऊन बसत हसला.

व्हर्नन लोवेलच्या बहिणीचा नवरा, डलूथ शहराच्या पोलिसात. मागच्याच महिन्यात त्याने सरोवराकाठच्या एका गुत्त्यातून बायकी कपड्यांतले पुरुष धरून आणले होते. त्यांची नावं पेपरात आली, आठवड्याभरात त्यांच्या नोकऱ्या गेल्या. लोवेल शाळेत लॅटिन शिकवत असे.

"फीत खराब निघाली," लोवेल म्हणाला. "बंद करतो."

"बस रे मास्तर! मजा येतेय. ती निळ्या झग्यातली बघ. काय खांदे आहेत! गोदीत पोती उचलते की काय?"

निळ्या झग्यातली हसली. हसताना तिने डावा हात पालथा करून तोंडावर धरला, करंगळी वर.

व्हर्ननच्या शेजारी क्लिफर्ड बसला होता. लोवेलचा भाडेकरू, करड्या सुटातला, दर रविवारी इथे जेवायला येणारा. क्लिफर्ड घाबरला की त्याला हसू फुटे. त्याचं ते हसू आणि ती करंगळी व्हर्नन दर रविवारी जेवताना पाहत आला होता.

आता क्लिफर्डचे खांदे हलू लागले. डावा हात मांडीवरून उठला.

"काय रे क्लिफ," व्हर्नन त्याच्याकडे वळू लागला, "चालेल का असली बायको? उचलून नेईल तुला!"

आई उठली. तिने केकची बशी क्लिफर्डच्या डाव्या हातात ठेवली आणि काठोकाठ भरलेला कॉफीचा कप उजव्या हातात दिला.

"नीट धर. गालिचा नवा आहे."

"आई, पुढे उभ्या राहिलात. काही दिसत नाही," व्हर्नन म्हणाला.

"माझाच वाढदिवस आहे ना? मी पाहिलाय तो," आई म्हणाली. ती हलली नाही. तिने क्लिफर्डच्या डाव्या हातातल्या बशीला खालून बोट लावून ठेवलं. तिच्या पांढऱ्या एप्रनवर निळा रंग धूसर होऊन नाचत राहिला, फीत संपेपर्यंत.