ओळ १४३

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. तरी उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवलं. मी संगणकात राहणारा एक जुना तपासनीस आहे. कोणी प्रोग्राम लिहिला की मी त्याची ओळ न् ओळ तपासतो. समास सरळ आहे का, जागा जास्त तर सुटली नाही ना, सगळं पाहतो. मग खालच्या काळ्या चौकटीत ओळीचा आकडा आणि चूक लिहितो.

दूरदेशीच्या शिस्तप्रिय माणसांनी मला घडवलं आणि फुकट वाटून टाकलं. फिरत फिरत मी नेर गावी, अन्सारभाईंच्या पंक्चरच्या दुकानात पोचलो. तिथे टायरांच्या मागे त्यांच्या मुलीचा, गझालाचा, संगणक होता.

बोंडअळीने कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षी गझालाने एक प्रोग्राम लिहिला. चौदा गावांतल्या बाया शेतातल्या सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजून तिला कळवत. आकडा वाढला की त्या गावाच्या सगळ्या फोनवर इशारा जायचा होता. अळी एकदा बोंडात शिरली की फवारून काही उपयोग नसतो.

त्या प्रोग्रामात मी दोनशे बारा चुका काढल्या. वाटलं, शाबासकी मिळेल! गझालाने यादी पाहिली आणि चौकट मिटली. तिचंही बरोबर होतं. एकेक आकडा वाचून वरच्या खिडकीत, प्रोग्रामात, ती ओळ हुडकत कोण बसणार? मी रोज ओरडायचो, ती रोज चौकट मिटायची. मला फार वाईट वाटे.

एके दुपारी पतंग मोजणाऱ्या बायांपैकी तानाबाई आपल्या गावाहून तणतणत दुकानात आल्या.

"काहून वो गझाला? तीन दिवसापासून आकडे सांगून राह्यली मी, अन् गावात एकाही फोनवर मेसेज नाही!"

"मावशी, मेसेज तर जातात. अब्बांच्या फोनवर रोज येतात."

अन्सारभाई ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाले, "मले तर रोज येते. मी काय फवारू, टायर?"

तानाबाई हसल्या नाहीत. "गेल्या साली अर्धा कापूस किडून डागी कवडी झाला. आता कुठं बोंडं धरून राह्यले. मी एकटी कोणाकोणाच्या वावरात सांगत फिरू?"

गझालाचा चेहरा उतरला. पंधराशे ओळींत चूक शोधायची कुठे? तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या तक्रारीवर टिचकी मारली की थेट त्या ओळीवर पोचता यावं, अशी जोडणी तिने केली. टिचकी मारली. काहीच झालं नाही! माझ्या तक्रारी तिने हौसेने मराठीत करून घेतल्या होत्या: 'ओळ ७', 'ओळ १२'.

अन्सारभाई डोकावले. "बेटा, त्या वरच्या खिडकीले मराठी आकडे येते का?"

येत नव्हते! गझालाने खिडकीला मराठी आकडे शिकवले, आणि मित्रांनो, माझ्या प्रत्येक तक्रारीखाली निळी रेघ उमटली. टिचकी, उडी, दुरुस्ती. टिचकी, उडी, दुरुस्ती. इतकी वर्षं जागीच ओरडणारा मी त्या दिवशी धावत सुटलो.

'ओळ १४३: समास दोन जागा जास्त.' टिचकी बसली आणि गझाला ओरडलीच. ती इशारा पाठवायची ओळ होती. समास सरकल्यामुळे ती 'गाव नेर असेल तर' या वरच्या ओळीच्या ताब्यात गेली होती. इशारा फक्त नेरच्या यादीत जायचा, आणि त्या यादीत एकच फोन होता, चाचणीसाठी घातलेला अन्सारभाईंचा.

तिने ओळ मागे ओढली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. क्षणात तानाबाईंच्या पिशवीतला फोन वाजला. मग गावातून त्यांच्या जावेचा फोन आला, मग शेजारणीचा. "आला वो आला! साऱ्याइले आला!" तानाबाई नाचायच्याच बाकी होत्या.

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या. ओंजळभर कापूस त्यांनी संगणकापुढे ठेवला. "पाह्य पोरी, एक डाग नाही." अन्सारभाईंनी हात पुसून मगच त्याला बोट लावलं.

मित्रांनो, चुका काढण्याचा मला फार गर्व होता. पण नुसती चूक सांगून कोणाचं भलं होत नाही. त्या माणसाला बोट धरून त्या जागेपर्यंत न्यावं लागतं. आणि तुम्हाला कोणी चूक दाखवली तर चौकट मिटू नका.

गझाला, ओळ १९ मध्ये अजून एक जागा जास्त आहे. मार टिचकी!