खंडेनवमीचा रंग

डोळे मिटा बरं, बाळांनो. समजा, तुम्ही एका जुन्या मालमोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी बसला आहात. मागं उघड्या हौद्यात कापसाची बोचकी आहेत. समोरच्या लोखंडी पाटीवर तीन गोल काचा, त्यात तीन काटे: पेट्रोलचा, तेलाचा, पाणी किती तापलं ते सांगणारा. चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं, पण काटे मात्र मुडद्यासारखे पडलेलेच.

निजामाच्या राज्यातल्या तीर्थपुरीत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अगदी असंच झालं. गाडी रामरावांची. ड्रायव्हर निजामोद्दीन सणाची सुट्टी संपवून भोकरदनहून नुकता परतला होता. गाडीत पहिला तोच चढला, म्हणून आळही त्याच्यावरच आला.

"तूच तारा तोडल्या!" रामराव अंगणातून ओरडले. "नवी गाडी घ्यायला लावतो काय मला? आजपासून येऊ नको."

"मालक, मी तर आत्ताच आलो. घरी गेल्तो ना!"

रामरावांची लेक झुंबर पायरीवर उभी होती. तिची कानशिलं तापली. खंडेनवमीला तिच्या वडिलांनी, दादांनी, स्वतः ती पाटी काढून हिरव्यागार रंगानं माखली होती. मागून, पुढून, इस्क्रूच्या भोकांच्या आतूनसुद्धा. परत बसवून वर हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर गाडी कुणी चालू केलीच नव्हती! मग निजामोद्दीनचाचानं बिघडवली कशी?

"दादा, तुम्ही रंगवल्यापासून..."

"तू गप गं! मोटारीतलं तुला काय कळतं?"

निजामोद्दीन पाटीखाली वाकला. फ्यूज धड, तारा धड. भोंगा दाबला तर गल्लीतली कुत्री उठली, म्हणजे बॅटरीही धड.

"सगळं बराबर हाय, तरी तिन्ही संगंच कसे मेले, चाचा?" झुंबरनं हळूच विचारलं.

"हाच तर सवाल हाय, बेटी. तिघं संगंच मेले, मंग खोट तिघांच्या सामायिक जागंत. मोट बघितली ना? बैल हिरीजवळच्या उतारावरून, धावंवरून खाली जातो, पाणी वर येतं. पण त्याला मागं यायला वाटच न्हाई ठेवली तर?"

"तर दुसरी मोट यायचीच न्हाई."

"बिलकुल! इजेचं बी तसंच. ती तारेतून येती, काट्यातून जाती आन् गाडीच्या लोखंडातून बॅटरीला परत जाती. पाटी लोखंडाला भिडती ती या इस्क्रूपाशी. अन् इथं बसलाय जाड रंग, त्यातनं ईज जाईना."

झुंबर उड्या मारतच अंगणात गेली. "दादा, इस्क्रूखालचा रंग तेवढा खरवडा!"

"पूजेचा रंग खरवडायचा?" रामराव कडाडले. "वर्षभर गाडी रडत बसंल. खबरदार कुणी हात लावला तर!"

"अगं, हळदकुंकू वाहिलंय त्याच्यावर," आई साळूबाईही दारातून म्हणाली.

निजामोद्दीननं लगेच हात मागं घेतला. दुसऱ्याच्या पूजेला तो कसा हात लावणार? त्यानं टोपी सारखी केली, गाठोडं उचललं आणि तो फाटकाकडे निघाला.

झुंबरला रडू फुटलं नाही, संताप आला. रंग कुणाचा, शिक्षा कुणाला! लोखंडाची पूजा करायची आणि लोखंडाला जपणाऱ्या माणसाला हाकलायचं? ही कुठली रीत?

ती धावत जाऊन गाडीत चढली. पाटीला हात जोडले, मग हत्यारांच्या पेटीतला पेचकस घेऊन इस्क्रू काढला आणि कानशीनं त्याभोवतीचा रंग घासू लागली. "झुंबरे!" दादा ओरडले. तिनं ऐकलं नाही. हिरवा भुगा मांडीवर पडत राहिला. खाली लोखंड चकाकलं, तसा तिनं इस्क्रू गच्च आवळला. चावी काढून खाली उतरली. फाटकापाशी जाऊन चाचाच्या गाठोड्याची गाठ एका हातानं धरून ठेवली, आणि दुसऱ्या हातानं गाडीची चावी दादांपुढं केली.

"घ्या. तुम्हीच फिरवा. काटे हलले न्हाई, तर माझ्या पाठीत रट्टा घाला. हलले, तर चाचाची माफी मागा, समद्यांसमोर."