हरकत न आल्यास कायम

डॉ. भानुमती खेडेकर यांचं पत्र मला १९९४च्या जुलैत मिळालं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. मिळालंच नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. पत्र रजिस्टर्ड होतं आणि त्याला जोडलेल्या पोचेच्या कार्डावर मी स्वतः सही केली होती. ते कार्ड चिपळूणला त्यांच्याकडे परत गेलं असणार. म्हणजे बारा वर्षं माझी सही हेच त्यांच्याजवळचं उत्तर.

पत्र लहान होतं. अनुदान नाकारल्याबद्दल तक्रार नाही, असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. "कारण म्हणून 'वैज्ञानिक गुणवत्ता अपुरी' असं आपण कळवलं आहे. ती नेमकी कुठे अपुरी पडली, एवढंच सांगावं. चूक माझ्या विचारातच असेल तर हे काम थांबवणं योग्य होईल, म्हणून विचारते."

तेव्हा मी दिल्लीत एका वैज्ञानिक परिषदेच्या कार्यालयात अधिकारी होतो. ज्या संशोधनाचा उद्या काय उपयोग होईल हे आज कुणालाच सांगता येत नाही, अशा संशोधनाला सरकारी पैसा द्यायचा की नाही, हे ती परिषद ठरवत असे. अकरा सदस्य, सगळे नामवंत. मी कसला वैज्ञानिक? एम.एस्सी. होऊन फायलींत शिरलेला माणूस. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.

इतिवृत्त आम्ही बैठकीच्या दोन दिवस आधी लिहीत असू. यात कुणाला वावगं वाटत नसे. मंडळींना विमानं गाठायची असत. बैठकीत काही वेगळं ठरलंच तर तेवढं बदलायचं. मग प्रत अकराजणांना जाई. शेवटची ओळ ठरलेली: पंधरा दिवसांत हरकत न आल्यास हे इतिवृत्त कायम झालं असं समजण्यात येईल.

उदारीकरणाला तीन वर्षं झाली होती आणि अर्जात एक नवा रकाना आला होता: उद्योगातील भागीदार. भागीदार नसेल तर प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, अशी वरून सूचना होती, पण तोंडी. तोंडी सूचना कारण म्हणून लिहिता येत नाही. नाकारण्याची छापील कारणं तीनच: अर्ज अपूर्ण, विषय कक्षेबाहेर, वैज्ञानिक गुणवत्ता अपुरी. खेडेकरबाईंनी त्या रकान्यात 'नाही' असं स्वच्छ लिहिलं होतं, त्यामुळे अर्ज पूर्ण होता. विषय कक्षेतला होता. मी तिसरं कारण टाइप करून घेतलं. बैठकीत बदलता येईल, असं तेव्हा मनात होतं. निदान तसं होतं असं मला वाटतं.

बाई बैठकीला थर्मास घेऊन आल्या. कोकणातल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याचं पाणी होतं त्यात. इतक्या गरम पाण्यात काही जिवाणू राहतात. ते शिजत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न.

"मॅडम, चाय लाई हैं?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे हसले. त्याही हसल्या.

"पीने का नहीं है, सर. इसमें सब ज़िंदा हैं."

मग त्या बारा मिनिटं बोलल्या. इंग्रजी अडखळत होतं, पण कुणी घड्याळ पाहिलं नाही. त्या बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "बहुत अच्छा काम है. देश में और कोई नहीं कर रहा."

"पार्टनर?" कुणीतरी विचारलं.

"वही तो नहीं है. आठल्येजी, आपने कुछ लिखा तो होगा?"

"जी."

"बस. चलो, नेक्स्ट."

कागद माझ्या हातात होता. सर, गुणवत्तेचं कारण तेवढं काढू या, एवढं म्हणायचं होतं. मी पुढची फाईल उघडली. त्या खोलीत मी आपणहून कधी बोललो नव्हतो.

प्रती गेल्या. अकरांतला एक तरी वाचेल, हरकत घेईल, म्हणून मी रोज टपाल स्वतः उघडत होतो. नवव्या दिवशी एक पत्र आलं. एका सदस्यांच्या नावामागे 'प्राध्यापक' लावायचं राहून गेलं होतं. ते मी दुरुस्त केलं. सोळाव्या दिवशी इतिवृत्त कायम झालं.

बाईंच्या पत्राला मी सात मसुदे केले. खरं कारण लिहावं तर परिषद खोटी ठरत होती, आणि खोटं कारण खुलवून लिहायला मला त्यांचं शास्त्र तेवढं येत नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवलं. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सुटलं, गाझियाबादच्या नव्या वसाहतीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, शब्दकोश तिकडे आला. पुढे चिपळूणचं कुणी भेटलं की मी विषय बदलत असे.

या जानेवारीत कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये, एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. "काका, इथे बसू? बाकी सगळीकडे ताटं मांडलीयत." अक्षया तिचं नाव. यूपीएससीची तयारी करत होती. सूक्ष्मजीवशास्त्रात कॉलेजात पहिली आली होती.

"मग संशोधन नाही केलंस?" मी आपलं सहज विचारलं.

"करणार होते. आमच्या खेडेकर मॅडमनी समजावलं. म्हणाल्या, आपल्यासारख्यांनी आपली मर्यादा ओळखावी. त्यांचंही होतं ना काहीतरी, गरम पाण्याच्या झऱ्यावर. दिल्लीतल्या मोठ्या लोकांनी तपासलं आणि दर्जा नाही म्हणून सांगितलं. मॅडमनी त्याच वर्षी बंद केलं. दरवर्षी पहिल्या तासाला सांगतात आम्हाला."

"रागानं?"

"छे हो. म्हणतात, वेळेवर खरं सांगितलं, म्हणून माझी पुढची वर्षं वाचली. तो थर्मास अजून लॅबमध्ये आहे. आम्ही त्यात ब्रश ठेवतो."

"कुठे चुकलं ते नाही विचारलं त्यांनी?"

"विचारलं होतं म्हणे. उत्तर नाही आलं. मॅडम म्हणतात, सांगण्याइतकंही त्यात काही नसेल." तिनं वरणात भात कालवला. "येत्या मार्चला रिटायर होतायत. पार्टी आहे, पण मेमध्ये माझी प्रिलिम आहे ना, यार, जाता नाही येणार."

तिला मी काही सांगितलं नाही. तेवढंही जमलं नाही. फक्त मॅडमच्या घरचा पत्ता मागितला; जुनी ओळख आहे म्हणालो.

घरी आल्यावर कुसुमावतीला सगळं सांगितलं. आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण हे पत्र तिला माहीत नव्हतं. ती पालक निवडत ऐकत होती.

"त्या समाधानात आहेत," मी म्हणालो. "वर्षं वाचली असं समजतायत. मी लिहिलं तर तेही जाईल."

"आणि नाही लिहिलंत तर?"

"तर जे आहे ते कायम."

"मग लिहा की. का हेही आधी अकराजणांकडे पाठवणार, हरकती मागवायला?" हे म्हणताना ती हसली नाही. पालक घेऊन आत गेली.

आठवा मसुदा केला नाही. सरळ लिहिलं. आपल्या कामात चूक नव्हती. बैठकीत अध्यक्षांनी ते चांगलं म्हटलं, मी तिथे होतो. भागीदार नाही म्हणून प्रस्ताव नाकारला गेला. आपल्याला कळवलेलं कारण मी बैठकीच्या दोन दिवस आधी लिहिलं होतं आणि नंतर बदललं नाही. आपण त्या दिवशी बारा मिनिटं बोललात, ती मला आठवतात. क्षमेचं वाक्य लिहून खोडलं. त्यावर त्यांना काहीतरी म्हणावं लागलं असतं. खाली पूर्ण सही केली: मुरलीधर आठल्ये. कार्डावरच्या सहीशी ती जुळेल.

मार्चनंतर त्यांची प्रयोगशाळा नाही, पहिला तास नाही. या पत्राचं त्या काय करणार, ते मला सुचलं नाही. या बारा वर्षांत त्यांच्याकडून शिकून गेलेल्या मुलांना तर पत्र घालता येत नाही.

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईनं लिफाफा वजनाला ठेवला. "अंकल, एडी कार्ड लगा दूँ? साइन होके वापस आएगा."

"नहीं."

"फिर पता नहीं चलेगा मिला कि नहीं."

"रहने दीजिए."

तिनं शिक्का मारला आणि लिफाफा मागच्या पोत्यात टाकला. मी तिथेच उभा होतो. मागच्या माणसानं माझ्या खांद्याला हात लावला. "अंकल, हो गया ना आपका?"

मी बाजूला झालो.