पाणमांजराची शिट्टी टिपलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. भाषणाचा नव्हे, रानातला. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून माझ्यावर लांब केसांचं करडं आवरण चढवतात. त्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "हे काय, काठीवर मेलेलं मांजर?"

मी ज्या बाईंच्या हाती आलो, त्या टीव्हीवरच्या वन्यजीव मालिकेसाठी आवाज टिपायच्या. मालिका आपल्याच नदीकाठच्या प्राण्यांची होती. पाणमांजराच्या भागासाठी आम्ही दोघं सबंध हिवाळा चिखलात काढला. माझी जोडणी गंजली, त्यांना खोकला जडला. अखेर एका सकाळी पाणमांजराच्या मादीनं पिल्लांना हाक मारली. बारीक, धारदार शिट्टी! पिल्लं लव्हाळ्यातून सुळकन पाण्यात उतरली. बाई श्वास रोखून होत्या. मी थरथरत होतो. अर्थात थरथरणं हेच माझं काम.

संकलनाच्या खोलीत मी बाईंच्या मांडीवर होतो. शिट्टी ऐकून दिग्दर्शक हसले. "अगं, कुकर झाला वाटतं! गॅस बंद कर."

"दादा, ते असंच बोलतं."

"बोलत असेल. लोकांना शिकारी प्राणी हवाय. जरा गुरगुर टाक."

"पण ती गुरगुर कुत्र्याची आहे!"

"कुत्रा तक्रार करणार आहे का?"

संगणकातल्या तयार साठ्यातली गुरगुर पाणमांजराच्या तोंडी बसली. बाई भांडल्या, विनवून थकल्या. भाग गाजला. "आवाज काय जिवंत आहे!" अशी वाहवा झाली आणि माझी नुसती चरफड.

पुढे बाईंनी भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना नदीवर नेलं. समोरच्या लव्हाळ्यातून तीच शिट्टी आली.

"ऐका, पाणमांजर!" बाई कुजबुजल्या.

"काहीतरीच काय गं मावशी! ते गुरगुरतं. टीव्हीत दाखवलंय."

सगळ्या मुली झाडांवर पक्षी शोधू लागल्या. पाण्यातून एक ओलं डोकं वर आलं, त्यांच्याकडे बघून बुडालं. ते पाहिलं एकट्या बाईंनी.

मित्रांनो, मला पुसा, कोरडं ठेवा, असं सांगायचा माझ्या वयाला हक्क आहे. पण ते राहू द्या. मालिका खुशाल पाहा. मग एकदा नदीवर जाऊन गप्प बसा. तिथे शिट्टी आली, तर तिला पक्षी म्हणून मोकळे होऊ नका. ती एका आईची हाक आहे. निदान ती तरी तिच्याकडे राहू द्या.