घरच्या माणसाची खात्री

रहेमानचे दोन्ही हात ग्रीसने माखले होते, म्हणून नेहमीप्रमाणे नाहिदने फोनचं हिरवं बटण दाबलं, स्पीकर लावला आणि फोन बापाच्या तोंडापुढे धरला. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या बाजारात रहेमानचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. हंगामात अनोळखी नंबर म्हणजे कुणाचा तरी अडलेला पंप, हे ठरलेलं.

"नमस्कार, मी पुण्याहून नयन बोलतेय. नाहिदच्या घरचं कोणी आहे का?"

हे नाव नाहिदच्या ओळखीचं होतं. नोकरीच्या अर्जात घरच्या एकाचा नंबर मागितला होता आणि तिने अब्बांचा दिला होता. असे नंबर नुसते भरून घेतात, त्यांवर फोन कुणी करत नाही, असा तिचा समज.

मराठीत एम.ए. झाल्यापासून ती लेखनाच्या नोकरीच्या मागे लागली होती. घरात सगळे हिंदी बोलत, पण तिचा सराव राहावा म्हणून रहेमान तिच्याशी मुद्दाम मराठीत बोले. तिने ऑनलाइन वर्ग केले, नमुन्याचे लेख लिहिले. ढाणकीच्या आठवडी बाजारावर, उमरखेडच्या एसटी स्टँडवर, अम्मीच्या शिलाई मशीनवर. नयन जिथे संपादक होती त्या वेबसाइटकडून दर वेळी गोड शब्दांत नकार येई. भाषा छान आहे, पण यात यवतमाळ दिसत नाही.

यवतमाळ म्हणजे काय दिसायला हवं, हे न कळण्याइतकी नाहिद बावळट नव्हती. शेवटी तिने लिहिलं की माझा बाप दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणीला गेला, विषबाधा होऊन घरी आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आसपासच्या गावांत अशी माणसं खरोखर गेली होती. तिने फक्त त्यांच्या जागी आपला बाप ठेवला होता. हे 'फक्त' ती स्वतःला फार वेळा सांगत असे. लेख एका दिवसात पसंत पडला.

"नाहिदने वडिलांवर फार सुंदर लिहिलंय," नयन सांगत होती. "फवारणीची विषबाधा होऊन ते गेले, ते सगळं. छापण्याआधी आम्ही घरच्या एका माणसाशी बोलून खात्री करून घेतो. तुम्ही त्यांचे कोण?"

रहेमानने नाहिदकडे पाहिलं. तिचा अंगठा लाल बटणावर होता. दाबता आलं असतं. रेंज गेली हे कारण ढाणकीत कधीही चालतं. तिने दाबलं नाही. तिला लाज वाटत होती, पण नोकरी हातची जाईल ही भीती त्या लाजेहून मोठी होती, आणि हे तिला स्वतःला कळत होतं.

"मी भाऊ त्याचा," रहेमान म्हणाला.

नयन हळहळली. मग तिने जपून एकेक विचारलं. दवाखान्यात नेलं होतं का, तोंडाला फडकं बांधत नसत का. रहेमान उत्तरं देत गेला. नोझल तुंबला की माणसं तो तोंडाने फुंकतात, आपला भाऊही फुंकायचा, लाख वेळा सांगून ऐकलं नाही, असं त्याने सांगितलं. गिऱ्हाइकांना हेच बजावून बजावून तो थकला होता. आज पहिल्यांदा कुणी ते लिहून घेत होतं. लेखासोबत हार घातलेला फोटो मिळेल का, असंही नयनने विचारलं. आमच्यात फोटोला हार घालत नाहीत, साधा पाठवतो, असं त्याने कबूल केलं.

"माणूस म्हणून कसे होते ते?"

रहेमानने बाकावरची चिंधी उचलली.

"बरा होता. पोरीले शिकवलं त्यानं. आन् काय सांगू?"

नाहिदची निवड पक्की आहे, तिला कळवा, असं सांगून नयनने फोन ठेवला.

नाहिदला माफी मागायची होती. इतकी वर्षं शब्द जुळवण्यात घालवली आणि आता एक वाक्य जुळेना. रहेमान चिंधीने बोटं पुसत होता.

"लागली तुले नोकरी," तो म्हणाला. "अम्मीले नोकरीचंच सांगजो. बाकीचं नको."

"अब्बा..."

"एक सांग. मी गेलो तवा तू रडली काय, त्याच्यात?"

इथे तरी तिला खोटं बोलता आलं असतं. पण वर्गात शिकवलं होतं की लिहिणारा कोरडा राहिला तर वाचणारा रडतो. तिने ते अगदी नीट पाळलं होतं, आणि नयनने नेमकं त्याचंच कौतुक केलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "रडलं तर लेख कच्चा वाटतो."

धंद्यातली गोष्ट समजल्यासारखी रहेमानने मान हलवली. तिच्या हातातून मोबाइल घेऊन तो स्वतःचे फोटो शोधू लागला. सगळ्या फोटोंत तो नाहिदच्या शेजारी उभा होता आणि हसत होता. त्याने मोबाइल तिला परत दिला, टोपी सरळ केली आणि भिंतीपाशी जाऊन एकटा उभा राहिला.

"काढ," तो म्हणाला.